दंडाचं पाणी

३० मे १९४८

म्हातारे रबरी जोडे काढून आत आले, खाली बघितलं, परत जोडे घातले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

"या चटयांवर मी झोपणार नाही. जपान्यांच्या चटया आहेत."

आई म्हणाली, "जपानी गेले, आजोबा. तीन वर्षं होतील आता. चटया तेवढ्या राहिल्या."

"मग कसले गेले?"

हे आमचे नवे भाडेकरू. कोंगजूचे युन आजोबा. या महिन्यातल्या निवडणुकीत निवडून आलेत. उद्यापासून इथे सोलमध्ये राष्ट्रसभा बसणार आणि आपल्या देशाची घटना लिहिणार. तोवर राज्य अमेरिकनांचं. आईने कधीपासून गल्लीभर सांगून ठेवलं होतं, खोली देईन तर सभासदालाच देईन. मिळाला तो हा.

बोलतात इतकं सावकाश की एक वाक्य संपेपर्यंत आईचा अख्खा मुळा चिरून झाला.

रात्री ओसरीच्या उघड्या फळ्यांवर झोपले. फळ्या पण जपान्यांनीच बसवलेल्या. आई म्हणाली, सांगू नको. मी कशाला सांगते? मी कुणालाच काही सांगत नाही.

१ जून

आजोबांना वाटतं मी मुकी आहे.

सकाळी भात घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "पोरी, नाव काय तुझं?" पुन्ने. एवढंच तर सांगायचं होतं. पण परकं माणूस समोर आलं की माझा शब्द घशात बसकण मारतो. मी नुसती उभी. त्यांनी परत विचारलं, मोठ्याने. मी अजूनच उभी. मग ते एकदम मऊ झाले. माझ्या तोंडाकडे बोट केलं, "अरेरे" म्हणाले, आणि स्वतःच्या ताटातला सुका मासा उचलून माझ्या हातावर ठेवला.

तेव्हापासून खुणा करतात. पाणी हवं तर अंगठा तोंडाकडे. भात हवा तर पोटावर हात फिरवतात. मलाही बरं वाटलं. खुणा सोप्या आहेत.

आईला सांगितलं. वाटलं जाऊन खरं काय ते सांगेल. ती हसून हसून चुलीपाशी बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "राहू दे. उपयोगी पडेल."

२ जून

आजोबांचे मदतनीस आले. मून नाव. कायदा शिकलेत. पण जपान्यांच्या राज्यात शिकले, त्यामुळे कायद्याचं जे काही डोक्यात आहे ते सगळं जपानीत. जेवताना तोंड उघडलं की भातासोबत एक जपानी शब्द बाहेर.

आजोबांनी चमचा खाली ठेवला. वडील माणसाने ठेवला म्हणजे सगळ्यांनीच ठेवला. सूप गार होत बसलं.

"आजपासून," आजोबा म्हणाले, "या घराचा... एक कायदा. ज्याच्या तोंडून जपानी शब्द निघेल... त्याने विहिरीवरून दोन बादल्या पाणी आणायचं. लहान-मोठा कुणी नाही. मीसुद्धा."

"मान्य," मून म्हणाले. उठले आणि आईला विचारलं, बादली कुठे आहे? नेमका बादलीलाच जपानी शब्द वापरला. आणखी दोन.

आणलेलं पाणी ठेवायचं कुठे? न्हाणीघरात जपानी मालकाचा मोठा हौद आहे, माणूस गळ्यापर्यंत बसेल असा, खालून जाळ घालून तापवायचा. ते त्याला फुरो म्हणायचे. तो शब्द आता घरात बंद, हौद म्हणायचं. आम्ही तीन वर्षं त्यात कोळसा आणि बटाटे ठेवत होतो. ते काढले, घासला.

मी विहिरीवर भांडी घासत होते. मून पाणी ओढत होते आणि निम्मं स्वतःच्या पायांवर. माझ्या तोंडून निघून गेलं, "ती गळकी आहे."

ते केवढे दचकले! "तुम्ही बोलता?"

मी भांडी टाकून पळाले. रात्री जेवताना जीव मुठीत धरून बसले होते, आता सांगतात की काय. नाही सांगितलं. सूपमध्ये बघून हसले फक्त.

४ जून

प्यो दुभाष्या आला. आई त्याला बघून घागऱ्याला हात पुसते, घाण लागल्यासारखे.

हा जपान्यांच्या वेळी पोलीस चौकीत जपानी बोलायचा. आता अमेरिकनांच्या ऑफिसात इंग्रजी बोलतो. जपानी लोक सोडून गेले ती सगळी घरं त्याच ऑफिसच्या ताब्यात. आमचं पण. आमचे जपानी मालक, फोटो काढायचे ते, गेले तेव्हा मालकिणीने किल्ली आईच्या हातात दिली आणि रडली. आई पण रडली. ती आजही सांगते की कांदा चिरत होते. तिने या घरात अकरा वर्षं धुणीभांडी केली. बाबा गेल्यावर मी पण इथेच वाढले. आता आम्ही अमेरिकनांच्या परवानगीने राहतो आणि खोल्या भाड्याने देतो.

प्यो गम चघळत म्हणाला, "नवीन सरकार आलं की परवानग्या संपल्या, बाई. हे घर मी मागितलंय. पावसाळा संपेपर्यंत दुसरं बघा." मग न्हाणीघरात जाऊन हौदावर बोटाने टकटक केलं, कलिंगड बघतात तसं. "वा," म्हणाला.

तो गेल्यावर आईने हौदावरचे त्याच्या बोटांचे ठसे पुसले. मग म्हणाली, "आजोबा घटना लिहितायत ना? त्यात एक ओळ घालायची. जो ज्या घरात राहतो ते घर त्याचं. एवढी मोठी घटना, एक ओळ काय जड आहे?"

आणि आजोबांच्या भातावर अंडं घातलं.

७ जून

दोन दिवस घर खणलं.

आजोबांनी चटया उचलायला लावल्या. मोठ्या खोलीत आपल्या पद्धतीची जमीन करणार, खाली दगडी नळ्या, बाजूला चूल, म्हणजे जाळ घातला की सगळी जमीन तापते. अशी ओंदोल जमीन नसलेल्या खोलीत बसून आपल्या देशाची घटना सुचत नाही म्हणतात. सुचते ती परकी सुचते. खर्च त्यांचा, म्हणून आई गप्प.

कू गवंडी आला. काम करताना गातो आणि गाताना काम थांबवतो. जमीन झाली, पहिला जाळ घातला, तर धूर खाली जायच्या ऐवजी सगळा वर. खोलीत आजोबा दिसेनात.

"नवी चूल आहे," कू म्हणाला. "धूर आधी घर बघून घेतो. मग वाट धरतो."

आजोबा पांढऱ्या झग्यात आत गेले होते. बाहेर आले ते करड्या झग्यात. तसेच राष्ट्रसभेत गेले. मून सांगत होते, तिथे कुणीतरी विचारलं, घरी कोण वारलं?

९ जून

ओली माती वाळली पाहिजे म्हणून रोज जाळ घालायचा. जूनमध्ये! वर तेल लावलेला पिवळा कागद चिकटवलाय, छान दिसतो. पाय ठेवला की उडी मारावीशी वाटते. जाळ घालायचं काम माझं.

आजोबा त्यावर मांडी घालून बसतात, घामाच्या धारा. विचारलं तर म्हणतात, "आता... कसं... स्वतःच्या देशात... बसल्यासारखं वाटतं."

११ जून

आज दानो. सणाच्या दिवशी बायका चांगपोची पानं घातलेल्या पाण्याने केस धुतात. हौद मूनच्या दंडाने काठोकाठ भरलाय, एवढं पाणी टाकायचं जिवावर आलं. आईने त्यातच पानं टाकली आणि खालून जाळ घातला. गल्लीतल्या सगळ्या येऊन केस धुऊन गेल्या. न्हाणीघरात नुसता वास आणि हसणं.

त्या गेल्यावर आजोबा दारात. पाण्याकडे बघत होते.

आई म्हणाली, "पानं आपली, सण आपला, पाणी विहिरीचं. हौद काय, नुसतं भांडं."

आजोबांनी खूप विचार केला. मग पाय बुडवले. फक्त पाय, तेही घोट्यापर्यंत.

"संधिवातासाठी," म्हणाले.

१३ जून

आमच्याकडे सभासद उतरलाय हे गल्लीत कळलं. ओसरीवर रांग.

न्हाव्याला घटनेत हवंय की सरकारी माणसाने महिन्यातून एकदा तरी केस कापावेत. कोळसेवालीला हवंय की शेजारणीचा कोंबडा पहाटेच्या आत आरवता कामा नये. एका म्हाताऱ्याने विचारलं, देशाच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागाने आपली वीज तोडलीय ती घटनेत लिहिली तर परत येईल का? आजोबा प्रत्येकाचं ऐकून घेतात आणि सावकाश मान हलवतात. प्रत्येकाला वाटतं झालंच काम.

देशाला नाव काय द्यायचं यावर तिघं भांडले. आई म्हणाली, "मूल पोटात आणि बारशाला मारामारी."

मग तिने स्वतःची ओळ सांगितली, घराची. वर म्हणाली, "आजोबा, मी विधवा बाई. आणि ही अशी. हिला कोण बघणार?"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यात पाणी. मी खाली बघितलं. मला वाटतं ते त्यांना अजूनच मुकं वाटलं.

१५ जून

आज गुडघ्यापर्यंत.

१७ जून

संध्याकाळी आजोबांच्या बाजूचे दोन सभासद येतात, एक वैद्यबुवा आणि एक पाद्री. दुसऱ्या दिवशी मसुदा समितीत काय बोलायचं ते आधी इथे ठरवतात. मून लिहून घेतात.

चुलीजवळची जागा मानाची, सगळ्यात गरम. एरवी म्हातारी माणसं तिच्यासाठी रुसतात. आमच्याकडे उलटं.

"तुम्ही बसा, वैद्यबुवा."

"छे छे, तुम्ही देवाचे माणूस."

"देव थंड जागीही असतो हो."

शेवटी आजोबा बसतात, वयाने मोठे म्हणून. मान सोडवत नाही आणि बूड टिकत नाही.

चूल माझ्या बाजूला, भिंतीपलीकडे. सगळं ऐकू येतं. आज कलम आलं, लग्नात नवरा-बायको दोघांचा हक्क सारखा. आजोबांनी सुरुवात केली, "या... बाबतीत... आपल्या पूर्वजांनी..."

आई स्वयंपाकघरातून आली. लाकडाचे दोन ओंडके उचलून माझ्या हातात दिले आणि चुलीकडे बघितलं.

मी घातले.

थोड्या वेळाने आजोबा अजून पूर्वजांवरच होते. पण पाद्री उभे राहिले. वैद्यबुवा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर. "मान्य आहे," वैद्यबुवा म्हणाले. "मान्य, मान्य," पाद्री म्हणाले, "पुढचं घ्या." आजोबांनी पण एकदा बूड उचललं आणि म्हणाले, "बरं... मान्य."

आईने मला आत नेऊन भाताची खरपूड खायला दिली, साखर घालून.

१८ जून

आज कमरेपर्यंत. आतून पूर्वजांचं गाणं ऐकू आलं. मून म्हणाले, "दुखणं वर वर सरकतंय वाटतं."

मून एकटेच रोज पाणी आणतात. मला वाटतं आता थोडं मुद्दाम पण बोलतात. मी विहिरीवर असते तेव्हाच त्यांना दंड होतो. आज विचारलं, "तुम्हाला लिहिता येतं म्हणे? मावशी म्हणाल्या."

"थोडं." चौथीत शाळा सोडली ते सांगितलं. लढाईच्या शेवटी शेवटी शिकवायचेच नाहीत, डोंगरावर झाडांचा चीक गोळा करायला न्यायचे. चीकच गोळा करायचा तर घरी आईचं काम केलेलं काय वाईट? आपली अक्षरं जपानी गेल्यावर शिकले, देवळाच्या वर्गात.

एवढं सगळं मी बोलले.

२० जून

आमची ओळ आली आज!

आईने सकाळपासून तयारी केली. कोंबडी. तांदळाची दारू. आणि दुपारपासून लाकडं माझ्याजवळ रचून ठेवली. म्हणाली, मी पळी दोनदा आपटली की घाल.

मूननी वाचलं, "जो ज्या घरात राहतो आणि ज्याने ते सांभाळलं, त्याला तिथून काढता येणार नाही."

पाद्री म्हणाले, "हे जरा किचकट आहे. घर कुणाचं, जमीन कुणाची..."

पळी. टक टक.

वैद्यबुवा म्हणाले, "शिवाय अमेरिकनांना विचारल्याशिवाय..."

टक टक टक टक. मी काय होतं ते सगळं कोंबलं. हाताचे केस जळले.

पलीकडे एकदम उठाबशी. कुणाची तरी वाटी लवंडली. "अहो, विधवा बाई आहे, मुकी पोर आहे," आजोबा म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा भराभर, "यात किचकट काय?" "काही नाही!" "मान्य!" "दार उघडा आधी!"

मान्य झालं. आईने अंगणात जाऊन तोंड धुतलं. कोणी बघत नव्हतं तरी दोनदा धुतलं.

२१ जून

मून समितीतून आले ते कोपऱ्यात बसले.

"काय झालं आमच्या ओळीचं?" आईने विचारलं.

"आजोबांनी वाचली, मावशी. वैद्यबुवा म्हणाले, जरा किचकट आहे. पाद्री म्हणाले, जमिनीचा प्रश्न आहे."

"काल तर मान्य म्हणाले."

"तिथे खुर्च्या आहेत, मावशी. थंड असतात."

शिवाय वरून निरोप आला म्हणे, की सरकारची सगळी मांडणीच उलटी करा. घर बांधून झालं आणि छप्पर फिरवून लावा म्हणाले. त्या गडबडीत आमच्या ओळीकडे कोण बघतो.

आजोबा एक कलम मात्र घेऊन आले. खुशीत होते. म्हातारपण, आजार, कशानेही ज्याला स्वतःचं पोट भरता येत नाही त्याला सरकार सांभाळेल. असं बोलणारे तिथे खूप होते असं मून म्हणतात. आजोबा म्हणतात त्यांच्यामुळे झालं. मला समोर बोलावलं, माझ्याकडे बोट केलं, मग कागदाकडे, मग परत माझ्याकडे. हे कलम तुझं!

मला इतकी लाज वाटली की मी खरंच बोलणार होते. आईने मागून चिमटा काढला.

त्या कलमासाठी मी मुकी नाही. घरासाठी आहे.

२६ जून

प्यो आला, सोबत अमेरिकन कॅप्टन. घर बघायला.

गल्लीच्या टोकाशी त्याचा आवाज ऐकला आणि मी आधी चुलीकडे पळाले. तेवढंच तर मला येतं.

कॅप्टन बुटांसकट आत आला, नव्या पिवळ्या जमिनीवर. आईच्या तोंडून असा आवाज निघाला, जणू कुणी तिच्या ताटात पाय दिला. कॅप्टन लाजला, बूट काढले, मोजे भोकाचे. मग तो नाचायला लागला. प्यो पण. दोघंही एक पाय वर, एक पाय खाली, आणि प्यो तसाच नाचत नाचत दुभाष्याचं काम करत होता.

"साहेब विचारतात, इथल्या चटया कुठे गेल्या?"

"आजोबांनी काढल्या," आई म्हणाली.

"कोण आजोबा?"

तेवढ्यात न्हाणीघराचं दार सरकलं. वाफ बाहेर आली आणि वाफेतून युन आजोबा. अंगाला आईची चादर गुंडाळलेली, डोक्यावर घोड्याच्या केसांची काळी टोपी. टोपी ते हौदात पण काढत नाहीत.

प्योने हौदाकडे बघितलं. त्यात चांगपोची पानं, एक बटाटा आणि आजोबांचा मळ. त्याचा चेहरा पडला.

कॅप्टनने काहीतरी विचारलं. प्यो म्हणाला, "साहेब विचारतात, या घरात राहतं कोण?"

"मी," आजोबा म्हणाले. चादर सावरली. "कोंगजूचा युन. राष्ट्रसभेचा सभासद."

कॅप्टनने सलाम ठोकला. कागद काढून लिहून घेतलं.

"आणि आम्ही दोघी," आई म्हणाली.

प्योने ते इंग्रजीत सांगितलं का कुणास ठाऊक. त्याचं वाक्य फार छोटं वाटलं.

पण गेले! बूट हातात घेऊन गेले. जाताना प्यो म्हणाला, असलं खणलेलं घर कुणाला हवंय. आजोबांनी आईला म्हटलं, "मी असेपर्यंत... तुम्हाला... कुणी हलवणार नाही." आई त्यांच्या पाया पडली. मी पण पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खूण केली, पाणी अजून गरम आहे, थोडं गार घाल.

१७ जुलै

घटना जाहीर झाली. आजोबा सकाळी नवा पांढरा झगा घालून गेले, आईने रात्रभर बडवून गुळगुळीत केलेला. दुपारी गल्लीभर लोक रस्त्यावर. न्हाव्याने आज सगळ्यांची दाढी फुकट केली. कोळसेवाली कोंबड्याच्या मालकिणीला म्हणाली, "आता बघ," आणि दोघी एकत्र दारू प्यायला बसल्या.

मूननी ओसरीवर बसून सगळी वाचून दाखवली. न्हाव्याचे केस नाहीत. कोंबडा नाही. आमची ओळ नाही. मालमत्तेचं काय ते कायद्याने ठरेल एवढंच आहे.

"कायदा कोण करणार?" आईने विचारलं.

"हेच. राष्ट्रसभा."

"किती दिवस?"

"यांची मुदत दोन वर्षं."

आईने उसासा टाकला. "दोन वर्षं कोंबड्या."

पण काळजीत नव्हती. आजोबा आहेत ना.

बोलायला कुणाला अडवता येणार नाही असंही एक कलम आहे. मूननी ते माझ्याकडे बघून वाचलं. मला काय, कुणी अडवलंच नव्हतं.

१९ ऑगस्ट

पंधराला सरकार पण झालं, आपलं. प्यो रस्त्यात भेटला. आता नव्या सरकारी ऑफिसात आहे आणि शुद्ध आपली भाषा बोलतो. आई म्हणाली, "याच्या तोंडाला सगळं बसतं."

आजोबा रोज हौदात. गळ्यापर्यंत. दुखणं गेलंय, हौद राहिलाय. आता तिथूनच हाका मारतात, आणि मून दार ओढून घेऊन कायद्याचे कागद वाफेत वाचून दाखवतात. आईचा हिशेब आहे, पाणी तापवायला रोज लाकडं लागतात ती कोंबडीपेक्षा स्वस्त पडतात.

२२ सप्टेंबर

सरकारी कागद आला. मूननी वाचला आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बसला. हे घर, त्यात राहणारे सभासद युन यांच्या नावावर.

आई उभीच. आजोबा म्हणाले, "मी मागितलं नव्हतं. त्या अमेरिकनाने लिहून घेतलेलं... तेच पुढे आलं. आता... खोडाखोड कशाला? माझ्या नावावर म्हणजे सुरक्षित. तुम्ही आहात तशा राहा. भाड्याचं... नंतर बघू."

मग टॉवेल खांद्यावर टाकला, माझ्याकडे बघून दोन्ही हात अंगावर चोळले आणि आईला विचारलं, "फुरो तापलं का?"

मूननी कागदाची घडी घातली.

मी म्हणाले, "आजोबा, दोन बादल्या."

ते वळले. टॉवेल घसरून खाली पडला.

"तुम्ही जपानी शब्द बोललात. लहान-मोठा कुणी नाही. तुम्हीसुद्धा."

आईने जाऊन बादल्या आणल्या आणि त्यांच्या पायाशी ठेवल्या. त्यातली एक गळकी होती.